पियेर प्वाव्र : रान राखू पाहणारा कारभारी

पांपलमूसच्या बागेत शाळेच्या मुलांना घेऊन आम्ही आजवर किती वेळा गेलो असू, याची गणती नाही. बस थांबली की मुले धावत सुटतात ती मोठ्या कमळांच्या तळ्याकडे. परातीसारखी काठ वळलेली ती पाने पाहून झाली, कासवे पाहून झाली, की डबे उघडतात आणि सहल संपते. त्याच बागेत एका फ्रेंच गृहस्थाचा अर्धपुतळा आहे. त्याच्यापुढे सहसा कोणी थांबत नाही. मागे एकदा पाचव्या इयत्तेतील एका मुलाने मात्र थांबून नाव वाचले आणि आम्हाला विचारले, की हा माणूस दिप्वाव विकीत होता काय. सगळा वर्ग हसला, आम्हीही हसलो. परंतु प्रश्न अगदीच वेडा नव्हता. फ्रेंच भाषेत प्वाव्र म्हणजे मिरी, आणि या प्वाव्र आडनावाच्या गृहस्थांनी आयुष्याची कित्येक वर्षे मसाल्यांच्या मागे घालविली, ती मात्र मिरीसाठी नव्हे, तर जायफळ आणि लवंग यांच्यासाठी.

त्यांची ही मसाल्यांची गोष्ट बागेतले वाटाडे सांगतातच. आम्हाला आज त्यांच्याविषयी लिहावेसे वाटते ते दुसऱ्या कारणासाठी. आपल्या या चिमुकल्या बेटावर रान, पाणी आणि माती ही एकमेकांच्या आधाराने उभी आहेत, आणि रान राखणे हे सरकारचे काम आहे, ही गोष्ट स्पष्ट शब्दांत कायद्यात घालणारे कारभारी म्हणून पियेर प्वाव्र यांचे नाव घ्यावे लागते. तो कायदा १७६९ सालचा. त्यानंतर अडीचशेहून अधिक वर्षे गेली, आणि रान किती उरले ते वाचकांना ठाऊकच आहे.

प्वाव्र यांचा जन्म २३ ऑगस्ट १७१९ रोजी फ्रान्समधील लिओं शहरी झाला. लिओं हे रेशमाचे गाव, आणि त्यांचे घराणेही रेशमी कापडाच्या व्यापाऱ्याचे. मुलगा हुशार निघाला, चित्रे काढू लागला, पाद्र्यांच्या शाळेत शिकला, आणि पुढे धर्मप्रचारक होण्यासाठी पॅरिसच्या मिशनमध्ये दाखल झाला. विशीतच त्यास पूर्वेकडे धाडण्यात आले. चीनमध्ये तो राहिला, कोचिनचायनात म्हणजे आजच्या व्हिएतनामच्या भागात राहिला. धर्म किती शिकविला ते राहो, पण शेतीकडे त्याचे डोळे सारखे लागलेले असत. कोठे भात कसा लावतात, उतारावर पाणी कसे अडवितात, खत कसले घालतात, हे सर्व तो टिपून ठेवी. चिनी शेतकऱ्याविषयी त्याला जो आदर वाटू लागला तो जन्मभर टिकला.

१७४५ साली मायदेशी परतताना सुमात्राजवळच्या बांका सामुद्रधुनीत इंग्रजांच्या लढाऊ जहाजांनी फ्रेंच जहाजे गाठली. त्या चकमकीत तोफेच्या गोळ्याने प्वाव्र यांच्या उजव्या हाताचे मनगट उडाले आणि पुढे हात कापावा लागला. वय अवघे पंचवीस. उजवा हात नसलेल्या माणसास पाद्र्याचे विधी करता येत नसत, म्हणून धर्मप्रचाराचा मार्ग बंद झाला. डाव्या हाताने लिहिण्याचा त्यांनी सराव केला. पुढे त्यांनी जी शेकडो पत्रे आणि टिपणे लिहिली ती सगळी याच डाव्या हाताची.

इंग्रजांनी कैद्यांना जावामधील बटाव्हिया येथे सोडले. बटाव्हिया म्हणजे आजचे जाकार्ता, तेव्हाची डचांची पूर्वेकडील राजधानी. जखम भरून येईपर्यंत प्वाव्र तेथे काही महिने राहिले, आणि डचांची श्रीमंती कोठून येते ते त्यांना तेथे उमगले. जायफळ आणि लवंग ही मोलुक्का बेटांतली झाडे. ती दुसरीकडे कोठेही उगवू नयेत म्हणून डच कंपनीचा कडक पहारा असे. नेमलेल्या बेटांवर तेवढी झाडे ठेवायची, बाकीची उपटून टाकायची, रोप किंवा रुजणारे बी बाहेर नेणाऱ्यास जबर शिक्षा, असा सारा बंदोबस्त होता. होळीच्या पुरणपोळीत आपण चिमूटभर जायफळ सहज किसून घालतो. त्या चिमटीसाठी जगात एके काळी काय काय झाले, हे आमच्या आजीस कोणी सांगितले असते तर तिने विश्वास ठेवला नसता. प्वाव्र यांच्या मनाने मात्र तेथेच घेतले, की ही झाडे डचांच्या मुठीतून सोडवायची आणि फ्रेंच बेटांवर लावायची.

तेथून ते सयाम, पाँडिचेरी असे फिरत १७४६ च्या अखेरीस प्रथम आपल्या बेटावर उतरले. तेव्हा बेटाचे नाव होते ईल द फ्रान्स.

त्या वेळचे बेट कसे होते, हे डोळ्यांपुढे आणल्याशिवाय पुढची गोष्ट कळावयाची नाही. हे बेट समुद्रातल्या ज्वालामुखीने घडविले, सुमारे ऐंशी लाख वर्षांपूर्वी. क्षेत्रफळ सुमारे १८६५ चौरस किलोमीटर. मध्ये उंच पठार, भोवती झिजलेल्या कड्यांची तुटकी कड. ल पूस, पीटर बॉथ, कोर द गार्द हे डोंगर म्हणजे त्या जुन्या कड्यांचेच अवशेष होत. सर्वांत उंच शिखर नैर्ऋत्येकडील, तेही फक्त ८२८ मीटर. वर्षातले बहुतेक दिवस आग्नेयेकडून वारा येतो, समुद्रावरची वाफ घेऊन पठारावर चढतो आणि तेथे थंड होऊन पाऊस पाडतो. म्हणून व्हाकुआ आणि क्युरपिप भिजत असतात आणि पोर्ट लुईसला छत्री घरी राहते. पठाराच्या ओल्या भागात वर्षाला ४००० मिलिमीटरपर्यंत पाऊस, तर पश्चिम किनाऱ्यावर त्याचा चौथा हिस्सादेखील नाही. हे पाणी सच्छिद्र काळ्या दगडात मुरते, झऱ्यांवाटे बाहेर येते आणि नद्या होऊन चारी दिशांना उतरते. नद्या आखूड, उतार तीव्र. पाणी वर धरून ठेवणारे काही नसेल तर एका दुपारी ते समुद्रात जाते, आणि जाताना माती घेऊन जाते.

धरून ठेवणारे होते ते रान. माणूस येथे येण्यापूर्वी समुद्राच्या काठापासून डोंगरमाथ्यापर्यंत रानच रान होते. किनाऱ्याच्या कोरड्या बाजूस ताडाची जात, पठारावर उंच दाट झाडी, त्यात आबनूस, नात, तांबालाकोक अशी झाडे. वटवाघळांखेरीज जमिनीवरचा सस्तन प्राणी एकही नव्हता. डच १५९८ साली उतरले आणि १६३८ पासून वस्ती करून राहिले. आबनुसाच्या काळ्या लाकडासाठी त्यांनी कुऱ्हाड चालविली. जावाहून हरणे आणली. डुकरे, माकडे, उंदीर हेही जहाजांबरोबर आले. डोडो पक्षी ते शतक संपण्यापूर्वी नाहीसा झाला. १७१० साली डच बेट सोडून गेले, फ्रेंचांनी १७१५ मध्ये त्यावर निशाण लावले. ला बुर्दोने यांनी पोर्ट लुईस वसविले. बंदर, गोदी, तटबंदी, जहाजांची दुरुस्ती, सगळ्यांना लाकूड हवे. पांपलमूस भागात लोखंडाच्या भट्ट्या निघाल्या, त्यांना लाकडाचा कोळसा हवा. आणि शेतीसाठी जमीन मोकळी करण्याची सोपी युक्ती एकच होती, आग लावणे.

हे बेट प्वाव्र यांनी पाहिले तेव्हा आतले रान बहुतेक उभे होते, परंतु बंदराच्या आसपासचे डोंगर उघडे पडू लागले होते.

पुढची दहा वर्षे दगदगीची गेली. फ्रान्सला परत जाताना ते पुन्हा इंग्रजांच्या हाती सापडले, सुटले, आणि पॅरिसमध्ये फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीपुढे त्यांनी आपली मसाल्यांची योजना मांडली. कंपनीने त्यांना १७४९ मध्ये कोचिनचायनास पाठविले. तेथून ते डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर होणाऱ्या भाताचे बियाणे घेऊन आले. मग मनिलाला दोन वर्षे खटपट केली, आणि १७५३ च्या अखेरीस ते जायफळाची रोपे घेऊन परतले. रोपे किती, तर एका हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकी. कंपनीने त्याच वर्षी ओब्ले नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञास बागेवर नेमले होते. ओब्ले यांनी ही खरी जायफळे नव्हेत असा निकाल दिला. रोपे मेली. ओब्ले यांनीच ती मारली असा प्वाव्र यांचा आरोप होता, आणि तो त्यांनी जन्मभर सोडला नाही. खरे काय ते बागेची माती जाणे. १७५४ मध्ये एका लहान जहाजातून ते पुन्हा निघाले, पण मोलुक्कापर्यंत पोहोचता आले नाही. तिमोरहून मिळाले तेवढे आणले. तेही जगले नाही. शेवटी कंटाळून ते मायदेशी परतले. वाटेत इंग्रजांनी पुन्हा पकडले. या माणसास इंग्रजांनी इतक्या वेळा धरले की वाचताना हसू येते, त्याला मात्र आले नसेल.

लिओंजवळ सोन नदीच्या काठी ला फ्रेता नावाची जागा घेऊन ते शेती आणि बागकाम करीत राहिले. लिओंच्या अकादमीत त्यांनी मलबार, सयाम, कोचिनचायना आणि चीन येथील शेतीवर निबंध वाचले, ते पुढे १७६८ मध्ये पुस्तकरूपाने निघाले. जेथे जमीन कसणाऱ्याच्या हक्काची असते आणि राजा त्यास लुबाडीत नाही, तेथे शेती फुलते आणि लोक सुखी असतात, असे त्यांच्या विचाराचे सार होते. वय सेहेचाळीस झाले होते. गोष्ट येथे संपावयास हरकत नव्हती.

परंतु कंपनीचे दिवाळे वाजले आणि बेटे फ्रान्सच्या राजाने आपल्या ताब्यात घेतली. गव्हर्नराकडे सैन्य, आणि पैसा, शेती, न्याय व व्यापार पाहण्यास एक इंतांदां, म्हणजे आपल्या जुन्या भाषेत दिवाण, अशी व्यवस्था ठरली. दिवाणगिरीसाठी प्वाव्र यांना बोलावणे आले. त्यांनी १७६६ मध्ये फ्रांस्वाझ रोबें या तरुण मुलीशी लग्न केले आणि पत्नीसह १४ जुलै १७६७ रोजी ते पोर्ट लुईसला उतरले.

उतरल्यावर थोड्याच दिवसांत त्यांनी वसाहतवाल्यांना जमवून भाषण केले, आणि ते ऐकून पुष्कळांची तोंडे कडू झाली असतील. ज्यांना निसर्गाने सर्व काही दिले होते त्यांनी झटपट पैशाच्या लोभाने आगी लावून रान उजाड केले, उघड्या जमिनीवर वारा आणि ऊन मोकाट सुटले, आणि पाऊस रानाच्या मागे जातो, म्हणून रान गेले की पाऊसही जाईल, असा त्या भाषणाचा आशय होता. जमीन कसायची ती मुलानातवंडांसाठी, लुटून घरी जाण्यासाठी नव्हे, असेही त्यांनी सुनावले.

बोलून ते थांबले नाहीत. नोव्हेंबर १७६९ मध्ये जो नियम निघाला त्यात तीन गोष्टी होत्या. ज्याला जमीन मिळाली असेल त्याने तिचा चौथा हिस्सा रान म्हणून राखावा, विशेषतः डोंगरउतारावर. जेथे जमीन उघडी पडली असेल तेथे पुन्हा झाडे लावावीत. आणि नदी वा पाण्यापासून सुमारे २०० यार्डांच्या आतील रानास हात लावू नये. वाचकांनी हा शेवटचा आकडा लक्षात ठेवावा, कारण पुढे त्याची गरज पडणार आहे.

येथे शिक्षकाच्या नात्याने आम्हास एक गोष्ट सांगितली पाहिजे. रान तोडल्याने पाऊस नाहीसा होतो, ही प्वाव्र यांची समजूत जशीच्या तशी आज कोणी मानणार नाही. एवढ्याशा बेटावर पाऊस मुख्यतः समुद्राची वाफ आणि डोंगरांची उंची यांवर ठरतो, आणि तो झाडे गेली तरी बऱ्याच अंशी पडतच राहतो. पण पडलेले पाणी मुरविणे, नदीला उन्हाळ्यातही वाहती ठेवणे, उताराची माती धरणे आणि ढगातला दवारा पानांवर झेलून खाली गाळणे, हे काम रानाचेच. पोर्ट लुईसचे बंदर त्या दिवसांत गाळाने भरत चालले होते, कारण उघड्या डोंगरांवरची माती ओहोळांनी थेट तेथे येत असे. त्रोमलें नावाच्या अधिकाऱ्यास ते ओहोळ वळवून बंदर उपसण्याच्या कामास लागावे लागले. म्हणजे प्वाव्र यांचे शास्त्र निम्मे चुकले होते, परंतु त्यांनी केलेला नियम बरोबर होता. असे अनुभवी शेतकऱ्याच्या बाबतीतही पुष्कळदा घडते.

त्यांच्या भोवती माणसेही त्याच ओढीची जमली. बूगेंव्हिलच्या पृथ्वीप्रदक्षिणेतून १७६८ मध्ये आलेले वनस्पतिशास्त्रज्ञ कॉमेर्सों यांना त्यांनी ठेवून घेतले आणि बेटांची झाडे तपासण्यास लावले. आपल्या कुंपणांवर फुलणाऱ्या बोगनवेलीची नोंद ब्राझीलमध्ये करणारे तेच हे कॉमेर्सों. बेर्नार्दें द सें-पियेर हे तरुण इंजिनियर त्याच वर्षी आले, प्वाव्र यांच्या घरी त्यांचे येणेजाणे होते, आणि पुढे पोल आणि व्हिर्जिनी यांची कथा लिहून त्यांनी आपले बेट जगाला दाखविले. आमच्यासारख्या वर्तमानपत्राच्या पानावर लिहिणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट विसरू नये, ती म्हणजे या बेटावरचा पहिला छापखाना प्वाव्र यांच्याच कारकिर्दीत, १७६८ साली सुरू झाला. अंगणात भांडणारी मैना, जिला आपण मार्तें म्हणतो, तीही पिके खाणाऱ्या टोळांचा नायनाट व्हावा म्हणून त्याच सुमारास भारतातून आणली गेली.

मात्र एका गोष्टीवर पांघरूण घालणे आम्हास पटत नाही. हे सारे चालले होते ते गुलामांच्या घामावर. प्वाव्र यांनी गुलामगिरीविरुद्ध लिहिले आणि बोललेही. जेथे गुलाम राबतात तेथे शेती नासते, असे त्यांचे मत होते. परंतु दिवाण म्हणून ज्या वसाहतीचा त्यांनी कारभार पाहिला तीत आफ्रिकेतून, मादागास्करमधून आणि भारतातूनही आणलेले गुलाम होते, आणि त्यांच्या कारकिर्दीत ते गुलामच राहिले. बागेतले वाफे त्यांनीच खणले. त्यांतल्या कोणाचा अर्धपुतळा पांपलमूसला नाही.

मसाल्यांचे स्वप्न मात्र शेवटी फळाला आले. मलाया भाषा जाणणाऱ्या प्रोव्हो नावाच्या कंपनीच्या जुन्या कारकुनास प्वाव्र यांनी दोन जहाजे देऊन १७६९ मध्ये धाडले. डचांवर चिडलेल्या जेबे बेटाच्या बाजूच्या सरदारांशी मैत्री करून त्यांनी रोपे मिळविली आणि जून १७७० मध्ये ती पोर्ट लुईसला पोहोचली. जायफळाची काही शेकडा रोपे, लवंगेची सत्तरएक, शिवाय रुजू घातलेली हजारो फळे. या वेळी झाडे खरी असल्याचा दाखला कॉमेर्सों यांनी दिला. दुसरी फेरी १७७२ मध्ये परतली. रोपे बेटाबाहेर नेऊ नयेत असा हुकूम निघाला. म्हणजे डचांची मूठ उघडणाऱ्यांनी आपली मूठ मिटली! मों प्लेझिरची जागा प्वाव्र यांनी स्वतः विकत घेऊन बाग केली होती, ती जाताना राजाला विकली. तीच आजची पांपलमूसची बाग, जिला १९८८ पासून सर शिवसागर रामगुलाम यांचे नाव आहे.

गव्हर्नरांशी त्यांचे कधी पटले नाही. पहिले गव्हर्नर द्युमा वर्ष-सव्वा वर्षातच परत बोलावले गेले. त्यांच्यानंतरचे देरोश यांच्याशी रोपांच्या वाटपावरूनही वाद झाला. १७७१ च्या वादळांनी धान्याची टंचाई आणली. प्वाव्र यांची प्रकृतीही खालावली. १७७२ च्या अखेरीस ते पत्नी आणि मुलींसह निघून गेले, ते पुन्हा आले नाहीत. कॉमेर्सों यांचा आधार तुटला आणि पुढच्याच वर्षी, मार्च १७७३ मध्ये, ते फ्लाक भागात वारले. बाग १७७५ पासून सेरे यांनी सांभाळली. ते येथलेच, आणि प्वाव्र यांनीच तयार केलेले. १७७६ मध्ये लवंगेला पहिली फळधारणा झाली आणि १७७८ मध्ये जायफळाला. ही बातमी प्वाव्र यांना ला फ्रेतामध्ये पत्राने कळली. ६ जानेवारी १७८६ रोजी लिओं येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या पत्नीने पुढे अर्थशास्त्रज्ञ द्यु पों द नेमूर यांच्याशी विवाह केला. प्वाव्र यांचे पहिले चरित्र याच द्यु पों यांनी लिहिले होते.

लवंगेने मॉरिशस श्रीमंत झाला नाही. आपल्या वादळांपुढे ती नाजूक झाडे टिकत नाहीत. ती येथून बुर्बों बेटावर गेली, सेशेल्सला गेली, कायेनला गेली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी झांझिबारला पोहोचली. तेथे तिचे सोने झाले.

आणि रान? १८१० मध्ये इंग्रज आले. १८२५ मध्ये इंग्लंडात मॉरिशसच्या साखरेवरची जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकी कमी झाली, आणि मग ऊस डोंगरापर्यंत चढला. जे राखायचे ठरले होते ते चौथ्या हिश्शाचे रानही उसाखाली गेले. येथे आपला, मराठी घरांचा, या गोष्टीशी थेट संबंध येतो. १८३४ पासून करारावर मजूर येऊ लागले, त्यांत मुंबई बंदरातून आलेली रत्नागिरीकडची माणसेही होती. ज्या हातांनी रान तोडले, दगड उचलून शेतात त्यांचे ढीग रचले, त्यांत आपल्या पणजोबांचेही हात होते. हुकूम त्यांचा नव्हता, जमीन त्यांची नव्हती, नफा तर नव्हताच. आमच्या घरी आजोबा सांगत, की त्यांच्या वडिलांना आबनूस कोणता हे लांबून ओळखता येई, कारण त्याला लागून कुऱ्हाडीची धार जाई. कोकणातला माणूस देवराईच्या झाडास हात लावीत नाही. तो येथे येऊन दिवसाला किती झाडे पाडीत असेल आणि रात्री त्याला काय वाटत असेल, हे आजोबांनी कधी सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही.

१८६४ मध्ये आगगाडी आली, तिला लाकूड लागले. १८६६ ते १८६८ या वर्षांत हिवतापाच्या साथीने हजारो माणसे मेली, त्यांत वळीतली आपली माणसे फार. तेव्हाचे डॉक्टर आणि अधिकारी त्याचा दोष रानाच्या तोडीला देत. डास हे कारण पुढे कळले, परंतु रान वाचविण्याची चर्चा पुन्हा सुरू झाली ती त्या भयानेच, आणि डोंगरमाथे व नदीकाठ राखीव झाले.

आज चांगल्या स्थितीतले मूळ रान बेटाच्या दोन टक्क्यांहूनही कमी आहे. त्यातला बराच भाग १९९४ साली झालेल्या ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानात मोडतो, क्षेत्र ६५७४ हेक्टर. तेथेही गोयाव आणि इतर परकी झुडपे मूळ रोपांना उगवू देत नाहीत, म्हणून माणसे लावून ती हाताने उपटावी लागतात. काही आनंदाच्या गोष्टीही आहेत. आपला लहान ससाणा, ज्याला गावाकडे कोंबड्या पळविणारा म्हणून मारीत, तो १९७४ मध्ये रानात अवघा चार उरला होता. पुढे माणसांनी अंडी उबवून त्याला वाढविले आणि आज तो पुन्हा कड्यांवर दिसतो. शामारेलच्या बाजूस राहणाऱ्या वाचकांनी तो पाहिला असेल.

आता त्या आकड्याकडे येऊ. प्वाव्र यांनी पाण्याच्या काठी २०० यार्ड, म्हणजे १८० मीटरहून अधिक रान राखण्यास सांगितले होते. आजच्या, १९८३ च्या कायद्याप्रमाणे नदीच्या काठाची राखीव पट्टी १६ मीटरची आहे, लहान ओढ्याची ८ मीटरची, आणि त्याहून लहान पाटाची ३ मीटरची.

गेल्या कोरड्या हंगामात व्हाकुआच्या तलावाचे पाणी उतरले आणि नळाला वेळा लागल्या, त्या दिवसांत आम्ही वरच्या वर्गाच्या मुलांना शाळेजवळच्या नदीवर नेले. बरोबर शिंप्याची नव्हे, गवंड्याची लांब टेप घेतली. मुलांनी काठापासून मोजावयास सुरुवात केली. अकराव्या मीटरला सिमेंटची भिंत लागली, तिच्यापलीकडे एक कुत्रा भुंकत होता. दुसऱ्या काठी नवव्या मीटरला ऊस होता. मुलांनी दोन्ही आकडे तारखेसह वह्यांत लिहून घेतले. ज्या मुलाने दिप्वावचा प्रश्न विचारला होता त्याने पलीकडच्या काठाचे तीन फोटोही काढले, आणि पुढच्या कोरड्या हंगामात आपण पुन्हा मोजावयास यायचे, असे परतताना बसमध्ये ठरले.